निशाणवाल्याचा उजवा खांदा

१

घरात एकदा ज्याचं नाव बारक्या पडलं, तो पुढे कितीही थोराड झाला तरी बारक्याच राहतो. हा बारक्या पंचेचाळिशी ओलांडलेला होता. कपाळ वाढत वाढत टाळूपर्यंत पोचलं होतं. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं त्याचं काम, आणि त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण दादाच्या लेखी तो अजून नाक पुसून द्यावं लागणारा धाकटा भाऊच होता.

रविवारी दुपारी जेवणं झाली की दोघे भाऊ लढाई करायचे, टेबलावर. बोटाएवढे प्लास्टिकचे शिपाई, पुठ्ठ्याच्या टेकड्या, फासे, आणि कोण किती पुढे सरकला ते मोजायला शिंप्याची टेप. वहिनी, म्हणजे दादाची बायको, याला ‘दोन घोड्यांचा बाहुल्यांचा खेळ’ म्हणायची आणि खेळ रंगात आला की हटकून कपडे वाळत घालायला बोलवायची. शिपाई जोडायचे बारक्याने आणि रंगवायचे दादाने, अशी वाटणी होती. दादाचा धंदाच दुकानांच्या पाट्या रंगवायचा. शिपायाच्या डोळ्यात बुबुळ काढताना दुसरा माणूस श्वास रोखून बसला असता. दादा मोठ्याने गाणं म्हणत ते बुबुळ काढायचा, आणि ते जागच्या जागी बसायचं.

मग दादाला अर्धांगाचा झटका आला. वाकडं झालेलं तोंड सावरलं, जीभ सावरली, पाय काठी घेऊन का होईना चालायला लागला. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. चिमटा काढला तरी कळायचं नाही. खांद्यापासून तो नुसता लटकायचा, आणि त्याच्या वजनाने सांधा इतका खाली उतरला होता की खांद्याच्या हाडाखाली एक बोट मावेल अशी खाच पडली होती. व्यायाम करून घ्यायला येणारी फिजिओबाई ती खाच दरवेळी बोटाने चाचपून बघायची आणि हात पुन्हा गळ्यातल्या झोळीत ठेवायची. दादाने त्या हाताचं नाव ‘पाहुणा’ ठेवलं होतं.

“खातो-पितो माझं, काम एक करत नाही,” तो म्हणायचा. “आणि जायचं नाव घेत नाही.”

सगळे हसायचे. पण लढाईचं टेबल घडी करून कपाटामागे गेलं होतं, आणि रविवारी दुपारी दादा भिंतीकडे तोंड करून झोपायचा. बारक्याला ते बघवत नसे. दादाला पुन्हा टेबलापाशी आणायचं, एवढं एकच त्याने मनात धरलं होतं. हात परत येईल असं तो म्हणत नव्हता. तशी आशा करायचीसुद्धा त्याला भीती वाटायची.

२

युक्ती दुकानात सुचली. चष्म्यावर चुंबकाने चिकटणारी काळी काच असते ना, उन्हात गेलं की लावायची, सावलीत आलं की काढायची. ती एका गिऱ्हाइकाने एका हाताने टक् करून लावली, आणि बारक्याच्या डोक्यात उजेड पडला.

लढाईत शिपायाचं हत्यार बदलावं लागतं. भालाईत तलवार घेतो, तिरंदाज ढाल घेतो. पूर्वी दादा त्यासाठी गोंदाने चिकटवलेले हात उपटून नवे चिकटवायचा, आणि त्याला दोन्ही हात लागायचे. आता खांद्यात एक चुंबक आणि शिपायाच्या दंडात एक चुंबक बसवला, की डाव्या हाताने नुसता दंड जवळ न्यायचा. पुढचं काम चुंबक करणार.

दादाला हे सांगितलं तेव्हा तो कुशीवर वळला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या डोळ्यांत चमक आली.

“एक सांगतो, ऐक,” तो म्हणाला. “उजव्या खांद्यांना चुंबकाची एक बाजू बाहेर ठेव, डाव्यांना उलटी. म्हणजे डावा हात उजव्या खांद्यावर बसणारच नाही, ढकलला जाईल. नाहीतर तू कोणाचा हात कुठे लावशील याचा नेम नाही.”

“मी काय आंधळा आहे?”

“तू नाहीस. चुंबक आहे. त्याला डावं-उजवं दिसत नाही, त्याला फक्त आपली बाजू कळते.”

बारक्याने आइस्क्रीमच्या काडीच्या दोन टोकांना दोन चुंबक चिकटवले. एक टोक लाल रंगवलं, ते डाव्या खांद्यांसाठी. दुसरं काळं, ते उजव्यांसाठी. काडीच्या टोकाला नवा चुंबक लटकवायचा, खांद्याच्या भोकात गोंदाचा थेंब टाकायचा, चुंबक आत दाबायचा, काडी अलगद बाजूला सरकवायची. मागच्या खोलीत खिडकीजवळ, दादाच्या खोलीच्या भिंतीला लागून त्याचं काम चालायचं. पलीकडे त्याच भिंतीला दादाचा पलंग लागलेला होता. लहानशा गिरमिटाने भोकं पाडताना प्लास्टिकची पांढरी वेटोळी मेजावर पडायची. तिळाएवढे चुंबक, पण खोड अशी, की डबी उघडली की सगळे एकमेकांच्या गळ्यात.

पलटण जवळजवळ तयार झाली आणि शेवटी निशाणवाला राहिला. पलटणीचा म्होरक्या, उजव्या हातात निशाण. झटका येण्याआधी दादाने रंगवलेला हा शेवटचा शिपाई. त्याच्या कुडत्यावर दादाने नखाएवढ्या जागेत वेलबुट्टी काढली होती, ती बघायला बारक्या दुकानातलं भिंग वापरायचा. वेलबुट्टीच बघत बसला, आणि काडी उलटी धरली. उजव्या खांद्यात लाल टोकाचा चुंबक बसला. उलट्या बाजूने. गोंदही वाळला.

निशाणाचा हात जवळ नेला तर तो टुणकन उडून मेजाखाली गेला, तेव्हा कुठे हे ध्यानात आलं. डावा हात मात्र उजव्या खांद्यावर टक् करून बसला. अंगठा वर असायचा तो खाली, असा तो हात विचित्र दिसत होता. बारक्याने तो तसाच नेऊन दादाला दाखवला.

दादा पोट धरून हसला. “याच्याशी हात मिळवणारा दचकेल रे! काढ तो चुंबक उकरून.”

“तुझी वेलबुट्टी जाईल.”

आता ती पुन्हा काढणार कोण, हे कोणी बोललं नाही. बारक्याने डावा हात काढून बाजूला ठेवला, आणि निशाणवाला रिकाम्या उजव्या खांद्यानिशी मेजावर उभा राहिला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी बारक्या स्वयंपाकघरात चहा पीत उभा होता. वहिनी भांडी विसळत होती. मागच्या खोलीतून आवाज आला. टक्.

हा आवाज बारक्याच्या कानात इतका बसला होता की झोपेतही ओळखला असता. चुंबकाला चुंबक भेटल्याचा. त्याने मनात म्हटलं, डबी उघडी राहिली असेल, दोघे-तिघे भेटले असतील. जाऊन बघितलं तर डबी बंद. सुटे हात आपापल्या खणात होते. निशाणवाला होता तसाच उभा, खांदा रिकामा, आत चुंबक चकाकतोय.

त्याने सहज लाल टोक उचललं आणि त्या खांद्याजवळ नेलं. कालच्या हिशेबाने ते खेचलं जायला हवं होतं. ते थांबलं. खांद्यापासून बोटभर अंतरावर, हवेतच थांबलं.

माणूस आधी स्वतःलाच वेड्यात काढतो. बारक्यानेही काढलं. चुंबक फिरला असेल म्हणून काळं टोक लावून बघितलं. तेही तिथेच थांबलं. पण चुंबकाचं ढकलणं कसं असतं हे त्याच्या बोटांना पाठ होतं. ते घसरतं असतं, काडी कडेला पळवतं, साबणासारखं. हे तसं नव्हतं. हे मऊ होतं. दाबलं की जरा आत जायचं आणि सोडलं की परत यायचं.

त्याने काडी ठेवली. बोट पुढे केलं, आणि आखडून घेतलं. स्वतःवरच हसला. दिवसाढवळ्या, खिडकीतून ऊन येतंय, शेजारी कोणाचातरी मिक्सर फिरतोय, आणि बोटभर बाहुल्याला आपण घाबरतो! पुन्हा बोट पुढे केलं.

तिथे काहीतरी होतं आणि ते कोमट होतं.

भिंतीपलीकडून दादाची हाक आली. “बारक्या! अरे, कोण आहे रे इथे? माझ्या खांद्याला कोणी हात लावला?”

४

त्या दिवशी घरात आनंदीआनंद झाला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा दादाच्या उजव्या अंगाला काही कळलं होतं. फिजिओबाई आली, तिने टाचणीने टोचून पाहिलं. टाचणी काही कळली नाही. पण ती म्हणाली, असं होतं कधी कधी, संवेदना अशीच चोरपावलांनी परत येते, हे चांगलं लक्षण आहे. वहिनीने पदराने डोळे टिपले आणि लगेच ती दादाला उशी नीट लावून न घेतल्याबद्दल रागावली. तिचं प्रेम नेहमी रागाच्या दारातून बाहेर यायचं.

बारक्याच्या डोक्यात मात्र किडा वळवळत होता. बाई गेल्यावर तो मागच्या खोलीत गेला. निशाणवाल्याच्या खांद्याशेजारच्या त्या मऊ जागेला त्याने काडीने हळूच टोचलं.

“आत्ता!” दादा पलीकडून ओरडला.

बारक्या दारातून डोकावला. “काय आत्ता?”

“टोचलं. खांद्याच्या खाचेत.”

आता दोघांपैकी कोणी शहाणा असता तर तिथेच थांबला असता. पण लहानपणी विजेच्या प्लगमध्ये चमचा घालणारे हेच ते दोघे. बारक्याने सगळं खरं खरं सांगितलं, आणि दादाचे डोळे लकाकले. भीती वगैरे काही नाही, नवं खेळणं मिळाल्यासारखा त्याचा चेहरा झाला. मग दुपारभर प्रयोग चालले. बारक्या मेजापाशी, दादा पलंगावर, मध्ये भिंत. बारक्या टोचायचा, दादा ओरडायचा. बारक्या मुद्दाम दुसऱ्याच शिपायाला टोचायचा, दादा गप्प. कापसाने गोंजारलं तर दादा म्हणाला, “गुदगुल्या नको करूस, गाढवा.” बर्फाचा खडा टेकवला तर त्याने थंडीने ‘स्स्’ केलं.

“तुम्ही दोघं लपंडाव खेळताय का?” वहिनीने दारातून विचारलं.

“व्यायाम आहे हा,” दादा गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

संध्याकाळी बारक्या त्याच्याजवळ बसला. दादा छताकडे बघत होता.

“हात परत येतोय रे बारक्या,” तो म्हणाला. “कसा ते मला नको विचारूस. निशाणवाल्याच्या वाटेने येऊ दे नाहीतर खिडकीतून येऊ दे. मला एकदा ब्रश धरायचाय. एक पाटी, बस्. नाव कोणाचंही असो.”

बारक्याने दादाची उशी सरळ केली. त्याने मान हलवली.

“एक गंमत आहे फक्त,” दादा जरा वेळाने म्हणाला. “तू टोचतोस ते कळतं. पण तू नसतोस तेव्हाही कळतं. दुपारी तू चहाला गेलास ना, तेव्हा कोणीतरी खांदा चाचपत होतं. टोचत नव्हतं. फिजिओबाई चाचपते ना, सांध्यात किती जागा आहे ते, तसं.”

५

शिपाई रंगवण्याआधी त्यावर राखाडी अस्तर मारतात. फवाऱ्याच्या डब्यातून, लांबून, हलक्या हाताने. पांढऱ्या प्लास्टिकवर जे खाचखळगे दिसत नाहीत ते अस्तर बसलं की दिसायला लागतात. बारक्याला हे आधीच सुचायला हवं होतं. सुचलं असेलही, धीर झाला नसेल.

पुढच्या सकाळी त्याने निशाणवाल्याला चिकटपट्टी गुंडाळली, दादाच्या वेलबुट्टीला धक्का लागू नये म्हणून. फक्त उजवा खांदा उघडा ठेवला. खिडकी उघडली, नाकाला रुमाल बांधला, डबा खळखळ हलवला आणि लांबूनच एक बारीक फवारा मारला.

राखाडी धूर खांद्यावरून गेला आणि विरला. थोडासा विरला नाही. तो हवेत टेकला, आणि टेकला तिथे हळूहळू आकार दिसायला लागला. शिपायाच्या मापाचा नाही. आपल्या मापाचा. एका अंगठ्याचं पेर, त्याचं पोट निशाणवाल्याच्या खांद्याच्या भोकावर दाबलेलं. त्वचेवरच्या रेघा गोल गोल फिरत गेलेल्या, भिंगाशिवाय मोजता आल्या असत्या. शिपाई जोडताना बारक्या स्वतः अंगठा असाच धरायचा. गोंद वाळेपर्यंत भाग दाबून धरावा लागतो, सुटू नये म्हणून.

बारक्या हलला नाही. त्याच्या मनात आलं, हा दादाचा आहे. दादाचा गेलेला हात इथे भिंतीच्या अलीकडे येऊन अडकलाय, एवढंच. या विचाराने त्याला धीर आला, जवळजवळ मायाच वाटली. त्याने हळू आवाजात विचारलं, “दादा?”

अंगठा खांद्यावरून उठला आणि हवेत सावकाश वळला. आधी नख खाली, मग वर, मग पुन्हा खाली. आपल्या बोटाला काय लागलं हे माणूस उजेडात धरून बघतो, अगदी तसा. मग तो भिंतीच्या दिशेने गेला, आणि भिंतीशी पोचला तेव्हा तिथे नुसती भिंत होती.

बारक्या धावत दादाच्या खोलीत गेला. दादा गाढ झोपला होता, तोंड अर्धवट उघडं. झोळीतला उजवा हात त्याने वर उचलून पाहिला. अंगठा स्वच्छ होता. नखाच्या कडेलाही रंगाचा ठिपका नव्हता.

मग त्याने दादाच्या सदऱ्याकडे पाहिलं. उजव्या खांद्यावर, जिथे हाडाखाली खाच होती नेमकी तिथे, अंगठ्याएवढा राखाडी डाग होता. ओला.

वहिनीची चाहूल लागली तसा त्याने रुमालाने डाग पुसून टाकला.

६

हात दादाचा नव्हता. मग कोणाचा, हे बारक्याने स्वतःला विचारलं नाही, कारण उत्तराची गरज नव्हती. त्याला एवढं कळलं, की आपण एका उजव्या खांद्यावर उलट्या चुंबकाची पाटी लावून ठेवली, आणि ती वाचून कोणीतरी आलं. पाटी काढली की ते जाईल. पण त्याबरोबर दादाचं ‘आत्ता!’ही जाईल. भावाची आशा आपल्याच हाताने उपटायची, आणि वर त्याला ‘बघू या, होईल हळूहळू’ म्हणायचं. तो बराच वेळ हातात बारीक पोगर, म्हणजे कोरायची छिन्नी, घेऊन मेजापाशी बसून राहिला. पलीकडे फिजिओबाई आली होती, दादा तिला काहीतरी चावट विनोद सांगत होता आणि वहिनी ‘पुरे, पुरे’ म्हणत होती.

“माफ कर रे,” बारक्या भिंतीला म्हणाला, आणि त्याने निशाणवाल्याच्या खांद्यात पोगर घातली. वेलबुट्टीचा एक टवका उडाला, मग दुसरा. गोंद करकरला. चुंबक निघाला आणि पोगरीच्या टोकाला चिकटून राहिला.

खांद्यात आता नुसतं भोक होतं. त्याने भीत भीत शेजारी बोट नेलं. काही नव्हतं. मऊ नाही, कोमट नाही, रिकामी हवा. बारक्याने सुटकेचा श्वास टाकला.

आणि आवाज आला. टक्.

मेजावरून नाही. भिंतीपलीकडून.

मग दादा ओरडला, मग वहिनी, आणि दोघांच्या वर फिजिओबाईचा आवाज. “हलवा! परत हलवा!” बारक्या दारात पोचला तेव्हा दादा पलंगावर बसलेला होता, झोळी मांडीवर गळून पडलेली, आणि उजवा हात कोपरातून वर आला होता. लटलटत नव्हता. खांद्याखालची खाच भरून आली होती, सांधा आपल्या जागी बसला होता.

“बसला!” दादा म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. “कोणीतरी खालून उचलून बसवावा तसा बसला रे! बाई, बघितलंत ना?”

“आंधळा मागतो एक डोळा...” वहिनी म्हणाली, आणि पुढचं तिला बोलवेना. तिने भिंतीला डोकं टेकलं.

फिजिओबाईने पुन्हा पुन्हा सांधा चाचपला. तिच्या कपाळावर आठी होती, पण ती आनंदाच्या गडबडीत कोणी बघितली नाही. “पकड बघू या,” ती म्हणाली. “भाऊसाहेब, तुम्ही द्या हात. दादा, जोर लावा.”

बारक्याने हात पुढे केला. नाही म्हणायला त्याच्याजवळ कारण नव्हतं. दादाचा चेहरा इतका उजळला होता, की काही म्हणवलंही नसतं. कदाचित सगळं ठीक असेल, त्याने मनाला समजावलं. भलं झालं, ते कुठून झालं हे कशाला उकरायचं?

दादाचा उजवा हात त्याच्या हातात आला. डोळ्यांना तो दादाचाच दिसत होता. बोटांच्या पेरांत जुन्या रंगाचे न निघालेले कण, अंगठा वर, बारक्याच्या अंगठ्याशेजारी सैल टेकलेला.

पण पकड वरून आली नाही. खालून आली. तळहाताच्या खालच्या बाजूने, करंगळीच्या मुळाशी, जिथे कोणाचाही अंगठा असायचं कारण नाही तिथे एक अंगठा येऊन दाबला, आणि त्याचं पोट किंचित खडबडीत होतं. वाळलेल्या अस्तरासारखं.

“कसा आहे जोर?” दादाने विचारलं. लहान मुलाने विचारावं तसं.

बारक्याने तोंड उघडलं. वहिनी बघत होती, बाई बघत होती. “चांगला आहे, दादा,” तो म्हणाला. “खूप चांगला आहे.”

“मग? आता रविवारी काढ टेबल. तुझ्या पलटणीची दाणादाण उडवतो की नाही बघ.” दादा मोकळेपणाने हसला, झटका येण्याआधी हसायचा तसा. त्याने कौतुकाने आपल्या हाताकडे पाहिलं, मग बारक्याकडे. “अरे, सोड की आता. किती वेळ धरून बसशील?”

बारक्याने खाली पाहिलं. त्याची पाचही बोटं कधीची उघडी होती, ताठ, एकमेकांपासून फाकलेली.

“मी सोडलाय, दादा,” तो म्हणाला.